पुड्याची मागची बाजू: घरखर्चात बसणारा, जरा बरा खाऊ आणि किराणा कसा निवडायचा

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंची रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मीठ कमी केलंय ना?" त्या म्हणाल्या, "ताटात वरून मीठ घेत नाही. पापड-लोणचं तर वर्षभर बंदच आहे." खरंच होतं ते. त्याच संध्याकाळी चहाचा ट्रे भरताना माझा हात थांबला. दोन खाऱ्या, चार बिस्किटं आणि छोटी वाटी शेव. रोजच्या रोज. ताटातलं मीठ सुटलं होतं, पण पुड्यातलं चालूच होतं. आणि त्यांना ते कळणार तरी कसं? पुड्यावरची माहिती इंग्रजीत, तीही मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत.

तेव्हापासून मी घरात येणारा प्रत्येक पुडा उलटा करून वाचायला लागले. आम्ही पाच माणसं, डोंबिवलीत राहतो. आम्ही दोघंही लोकलने नोकरीला जातो आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात. "सगळं घरी करा" हा सल्ला चांगला असला तरी मला रोज पाळता येत नाही. पुडे घरात येणारच. कोणते, किती आणि काय भावाने, एवढं मात्र आपल्या हातात आहे. वर्षभरात जे जमलं आणि ज्याचा खरंच उपयोग झाला, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: मागच्या महिन्याचं बिल आणि एक पेन्सिल

दुकानात जायच्या आधी हे काम घरी करायचं. मागच्या महिन्याचं किराण्याचं बिल घ्या. वाण्याकडची चिठ्ठी असो, मॉलची लांब पट्टी असो की मोबाइलवरच्या ऑर्डरी, सगळं एकत्र करा. मधल्या वेळच्या खाण्याच्या प्रत्येक ओळीसमोर खूण करा: बिस्किटं, चिप्स, फरसाण, नूडल्स, केक, चॉकलेट पावडर, ज्यूस, केचप. त्यांची बेरीज करा. आमची १,८५० रुपये निघाली. डाळी आणि कडधान्यं मिळून त्याच महिन्यात १,२०० रुपयांची होती. हा आकडा बघून मी थोडा वेळ गप्प बसले.

आता प्रत्येक वस्तूचा किलोचा भाव काढा. पूर्वी यासाठी गणित करावं लागायचं. हल्ली पाकिटावर एमआरपीच्या जवळच 'युनिट सेल प्राइस' म्हणजे एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत छापलेली असते. 'यूएसपी ₹०.४५ पर जी' असं दिसलं की हजाराने गुणा: ४५० रुपये किलो.

आमच्या यादीतलं चित्र असं होतं. १० रुपयांच्या चिप्सच्या पाकिटात २२ ग्रॅम माल होता, म्हणजे ४५० रुपयांच्या वर किलो. मुलांची क्रीमची बिस्किटं २५० रुपये किलो. दुधात घालायची चॉकलेट पावडर ५०० रुपये किलो. त्याच महिन्यात त्याच दुकानात फुटाणे १६० रुपये, शेंगदाणे १५०, डाळं १३० आणि कुरमुरे १०० रुपये किलो. तुमच्या गावात भाव दहा-वीस रुपयांनी इकडेतिकडे असतील, पण क्रम बहुतेक हाच निघेल. चांगलं खायचं तर खर्च वाढतो अशी माझी समजूत होती. पेन्सिलीने लिहिलेल्या या आकड्यांपुढे ती टिकली नाही. ५ आणि १० रुपयांचं पाकीट स्वस्त वाटतं ते फक्त नाणं छोटं असतं म्हणून.

दुसरी पायरी: घटकांची यादी, पहिले तीन शब्द

पुडा उलटा करा आणि 'इन्ग्रेडियंट्स' हा शब्द शोधा. नियमाप्रमाणे यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे सर्वात जास्त घातलं ते पहिलं. म्हणून पहिले तीन शब्द वाचले तरी पुड्यात मुख्यतः काय आहे ते कळतं.

अक्षरं बारीक असतील तर मोबाइलने फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा. माझी पद्धत हीच आहे. चष्मा शोधत बसण्यापेक्षा बरं. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर भाषांतराच्या ॲपमधून तोच फोटो मराठीत दिसतो. भाषांतर ओबडधोबड असतं, पण काम भागतं.

काही शब्द ओळखून ठेवले की पुढचं वाचन झटपट होतं. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. 'व्हीट' शब्द बघून गहू समजू नका. कणकेला 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' लिहितात. 'पाम ऑइल' आणि 'पामोलीन' म्हणजे पामतेल. ते स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून जवळपास सगळीकडे असतं, पण त्यात संपृक्त चरबीचं (जास्त पोटात गेली तर हृदयाला बरी नसणारी चरबी) प्रमाण बरंच असतं. पामतेलात ते निम्म्याच्या आसपास, तर शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा. 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' म्हणजे वनस्पती तूप. 'मार्गारिन' आणि 'शॉर्टनिंग' हेसुद्धा बेकरीसाठी बनवलेले, घट्ट राहणारे चरबीचे प्रकार.

साखरेची नावं सगळ्यात जास्त. शुगर, इन्व्हर्ट शुगर सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, हनी, जॅगरी. माल्टोडेक्स्ट्रिन ही तांत्रिकदृष्ट्या साखर नसली तरी रक्तातली साखर झटकन वाढवते. एकाच पुड्यात साखर तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि पहिल्या जागेवर धान्य दिसतं. म्हणून नुसता क्रम बघून थांबू नका, पुढची पायरी करा.

'आयएनएस' असं लिहून पुढे आकडे असतात, ते पदार्थात वरून घातलेल्या द्रव्यांचे ठरावीक क्रमांक. ते सगळेच घाबरण्यासारखे नसतात. ५००(ii) म्हणजे खाण्याचा सोडा, ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ३२२ म्हणजे लेसिथिन. ६२१ म्हणजे एमएसजी, आपलं अजिनोमोटो. ६२७ आणि ६३१ ही चव उठवणारी द्रव्यं, तिखट-खारट पुड्यांत हमखास. १०२, ११०, १२२ हे कृत्रिम रंग. युरोपात हे रंग घातलेल्या पदार्थांवर मुलांच्या वागण्यावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. मुलांच्या खाऊत हे तीन आकडे दिसले तर मी पुडा परत ठेवते.

तिसरी पायरी: १०० ग्रॅमचा रकाना

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा थांबते.

'न्यूट्रिशनल इन्फर्मेशन' या चौकटीत बहुधा दोन रकाने असतात. एक '१०० ग्रॅममागे', दुसरा 'एका सर्व्हिंगमागे', म्हणजे एका वेळी खायच्या मापामागे. दुकानात उभं राहून तुलना करताना फक्त १०० ग्रॅमचा रकाना बघा. सर्व्हिंग किती धरायचं ते कंपनी ठरवते. एका पुड्यावर ते २० ग्रॅम असेल, शेजारच्यावर ३०. आपला धाकटा तर पूर्ण पुडा एका बैठकीत संपवतो.

त्या चौकटीतले तीन आकडे बघायचे: 'टोटल शुगर्स' किंवा 'ॲडेड शुगर्स', 'सॅच्युरेटेड फॅट' (संपृक्त चरबी) आणि 'सोडियम' (मिठातला घटक).

किती म्हणजे जास्त? ब्रिटनमध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला लाल-पिवळा-हिरवा रंग देण्याची पद्धत आहे. तिथे १०० ग्रॅम पदार्थात साखर २२.५ ग्रॅमच्या वर, संपृक्त चरबी ५ ग्रॅमच्या वर किंवा मीठ १.५ ग्रॅमच्या वर गेलं की लाल रंग. दीड ग्रॅम मीठ म्हणजे ६०० मिलिग्रॅम सोडियम. मला घोकायला सोपं म्हणून मी हेच धरलं: साखर २२, संपृक्त ५, सोडियम ६००. खायची वस्तू तिन्हींच्या आत असेल तर निर्धास्त घ्या (पेयांना हे माप लावू नका). एक ओलांडलं असेल तर शेजारचा पुडा बघा. दोन ओलांडली असतील तर ती वस्तू रोजच्या यादीतून काढून सणासुदीच्या किंवा प्रवासाच्या यादीत टाका.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. शेंगदाणे, तीळ, बदाम यांत चरबी मुळातच भरपूर असते. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला जवळपास निम्मी. पण ती बहुतांश असंपृक्त असते आणि सोबत २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ज्या पुड्यात एकच घटक आहे, तिथे हा नियम लावू नका. तो मिश्रणांसाठी आहे.

दिवसाचा हिशोबही ठाऊक हवा. आपल्याकडे लेबलावरची टक्केवारी २,००० किलोकॅलरीच्या आहारावर काढलेली असते. त्यात दिवसाला जास्तीत जास्त ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २२ ग्रॅम संपृक्त चरबी आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, असं धरलंय. हे मोठ्या माणसाचं माप. सात वर्षांच्या मुलासाठी ते कमीच धरायला हवं.

सोडियमवरून मीठ काढायला अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. समजा नूडल्सच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १,१०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि पुडा ७० ग्रॅमचा आहे. एका पुड्यात ७७० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास २ ग्रॅम मीठ. घरातलं जेवण अजून व्हायचंच आहे.

हाच हिशोब मी सासूबाईंच्या ट्रेचा केला. स्वयंपाकघरात चारशे रुपयांचा छोटा इलेक्ट्रिक काटा आहे. दोन खाऱ्या ३० ग्रॅम भरल्या, चार बिस्किटं १६ ग्रॅम आणि वाटीतली शेव ३० ग्रॅम. पुड्यांवरचे आकडे लावून सोडियम आलं साधारण ५६० मिलिग्रॅम, म्हणजे १.४ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाच ग्रॅमांतला चौथा हिस्सा एका चहाबरोबर संपला, आणि तोंडाला खारट म्हणावं असं त्यात फक्त शेवच होती. खारी तर त्यांना "अळणीच" लागायची.

हा प्रयोग घरी एकदा नक्की करा. आपण नेहमी खातो तेवढं ताटलीत घ्या, वजन करा, गुणाकार करा. मोठ्या माणसांना सांगून जे पटत नाही, ते काट्यावर बघितलं की पटतं.

चौथी पायरी: पुढच्या बाजूच्या घोषणा

पुढची बाजू ही जाहिरात आहे, ती तशीच वाचायची. 'मल्टिग्रेन' म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, किती ते नाही. ज्या घटकाचं नाव पुढे मिरवलंय त्याची टक्केवारी मागे घटकांच्या यादीत द्यावी लागते, तेव्हा कंसातला आकडा शोधा. नाचणीच्या चित्राच्या पुड्यावर नाचणी ४ टक्के आणि मैदा ५० टक्के असं मी वाचलंय. त्यापेक्षा नाचणीचं पीठ आणून आंबील किंवा भाकरी केली तर ७० रुपये किलोत खरी नाचणी पोटात जाते आणि कॅल्शियमही, १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम.

'कोलेस्टेरॉल फ्री' हे शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलावर छापलेलं असतं. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांतच असतं, त्यामुळे कुठलंही वनस्पतिजन्य तेल त्यापासून मुक्तच असणार. यासाठी जादा पैसे देऊ नका. 'बेक्ड, नॉट फ्राइड' लिहिलं तरी तेल आणि मिठाचे आकडे बघाच. 'नो ॲडेड शुगर'मध्ये खजुराचा किंवा फळांचा आटवलेला रस असू शकतो. 'ब्राऊन ब्रेड'चा तपकिरी रंग कॅरॅमलचा असू शकतो, यादीत १५०ने सुरू होणारा आकडा दिसतो. पहिला घटक कणीक असेल आणि तिची टक्केवारी भक्कम असेल तरच तो गव्हाचा पाव.

अशा घोषणांची दखल सरकारी पातळीवरही घेतली गेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात घालायच्या पावडरी आणि तत्सम पेयं 'हेल्थ ड्रिंक' या विभागात ठेवू नका असं सांगण्यात आलं, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाही. जून २०२४ मध्ये पाणी घालून बनवलेल्या रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला. ऑक्टोबर २०२५ मध्ये साध्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. हा शेवटचा मुद्दा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जुलाब झाले तर औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडीच आणायची, फळांची चित्रं असलेला खोका नाही.

पाचवी पायरी: एकेका कप्प्यापुढे उभं राहून

*बिस्किटं.* साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, क्रीमच्या बिस्किटात ३५ आणि त्याहून वर. मारी साधी वाटते, पण तिच्यातही वीसच्या आसपास. 'डायजेस्टिव्ह' नावाने फसायला होतं. त्यात कोंडा किंवा कणीक असते, पण चरबी बहुधा ग्लुकोज बिस्किटापेक्षा जास्त असते. आम्ही बिस्किटं बंद केली नाहीत. क्रीमची बंद केली, आणि साधी महिन्याला सहा पुड्यांवरून दोनवर आणली. लहान मुलाने पाच ग्रॅमची आठ बिस्किटं खाल्ली की दहा ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे दोन चमचे. दुधात साखर घातली असेल तर ती वेगळी.

*खारी, बटर, टोस्ट.* आपल्या चहाशी यांचं नातं फार जुनं आहे, त्यामुळे हा विषय नाजूक. खारीचे पापुद्रे सुटतात ते पीठ आणि घट्ट चरबी यांच्या घड्यांवर घड्या घातल्यामुळे. बेकऱ्यांत ही चरबी बहुतेकदा वनस्पती किंवा मार्गारिन असते. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या आणि त्यांपासून बनवलेल्या पदार्थांतल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण संपृक्त चरबी उरतेच, आणि सुट्या खारीवर लेबलच नसतं. बेकरीवाल्याला सरळ विचारा: "दादा, हे कशात केलंय?" आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला न लपवता सांगतो. रोजच्या चहाला कणकेचा कडक टोस्ट त्यातल्या त्यात बरा. खारी रविवारी.

*फरसाण आणि शेव.* तळलेल्या बेसनात १०० ग्रॅमला ३५-४० ग्रॅम तेल सहज मुरतं. वाटी लहान करणं हाच इथला उपाय. पिशवीतून थेट खाल्लं तर माप राहत नाही, म्हणून आमच्याकडे फरसाण आता मिसळीवर किंवा पोह्यांवर चिमूटभर, एवढंच.

*दुधातली पावडर.* यावर माझं मत ठाम आहे. पुड्यावर १०० ग्रॅमला ३२ ग्रॅम साखर लिहिली असेल तर अर्ध्या किलोत १६० ग्रॅम साखर आली. तेवढी साखर वाण्याकडे सात-आठ रुपयांना मिळते, इथे आपण तिचे ८० रुपये मोजतो. मुलांना नुसतं दूध आवडत नसेल तर साखर न घातलेली कोको पावडर पाव चमचा आणि एक चमचा साखर. किंवा नाचणी सत्त्व. किंवा वेलची-जायफळ. लेकीने चार दिवस तोंड वाकडं केलं, पाचव्या दिवसापासून पिते आहे.

*थंड पेयं.* २५० मिलिलिटर कोलामध्ये साधारण २६ ग्रॅम साखर, पाच चमचे. खोक्यातल्या गोड आंबा पेयाचं लेबलही वाचून बघा, बरीचशी त्याच घरात बसतात. कोकम आगळ (साखर घातलेलं सिरप नव्हे), ताक, लिंबू: यांपुढे मला कुठलाही खोका लागत नाही. फक्त पिशवीतल्या मसाला ताकाचं सोडियम बघा.

*नाश्त्याचे डबे.* चॉकलेटी फ्लेक्सचा किलोचा भाव काढा आणि पोह्यांचा काढा. पुढे काही लिहायची गरज नाही. ओट्स घ्यायचे तर साधे, मसाल्याची पाकिटं नकोत.

*आइस्क्रीम आणि पनीर.* 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती चरबी वापरलेली असते. 'आइस्क्रीम' हा शब्दच बघून घ्या. पनीरच्या बाबतीत 'ॲनालॉग' हा शब्द दिसला तर ते दुधाचं पनीर नाही.

*केचप.* १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास साखर. छोटी बाटली घ्या. मोठी 'फॅमिली' बाटली स्वस्त पडते हे खरं, पण ती संपतेही त्याच वेगाने.

सहावी पायरी: मोकळी झालेली जागा भरायची कशाने

नुसतं बंद करून चालत नाही. संध्याकाळी सहाला मुलं क्लासहून आली की डबे उघडतात, आणि डब्यात काही नसेल तर खाली टपरीवर जातात. म्हणून डबे आधी भरायचे.

आमच्याकडे आता कायम असतात ते डबे: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, कुरमुरे, डाळं, राजगिऱ्याच्या वड्या, गूळ, खजूर आणि एक डबा मेतकुटाचा. मेतकूट हे पुड्यातलं मिळणारं सर्वोत्तम खाणं आहे असं माझं मत आहे. भाजलेली हरभरा डाळ, उडीद, तांदूळ, गहू, जिरं, हळद, हिंग. घटकांची यादी वाचताना सगळे शब्द आपल्या ओळखीचे. पातळ पोह्यांत मेतकूट, कांदा, थोडं कच्चं तेल आणि दही कालवलं की पाच मिनिटांत पोटभरीचं होतं, आणि हे बारा वर्षांची मुलगी स्वतः करू शकते. सातूचं पीठ गूळ-दुधात किंवा ताकात, थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ हेही याच जातीतले. तयार पुडा घेताना मात्र मीठ आणि साखर आधीच घातली आहे का ते बघा.

शेंगदाण्याची चिक्की गोडच आहे, पण क्रीमच्या बिस्किटापेक्षा तिच्यात दाणे तरी भरपूर असतात. एक तुकडा, दात घासायच्या आधी.

आणि चिवडा. महिन्यातून दोन रविवार मी अर्धा तास यासाठी काढते. माप असं: पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे १०० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप मूठभर, तेल चार मोठे चमचे (६० मिलिलिटर), मीठ दोन सपाट चहाचे चमचे, कढीपत्ता, हिरवी मिरची, मोहरी, हिंग, हळद. पोहे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आधी कोरडे भाजायचे. बोटांनी चुरले की कर्रकन तुटले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी चामट होतात. ते काढून ठेवायचे. मग तेलात दाणे, खोबरं, मिरची आणि कढीपत्ता. मिरचीतलं पाणी पूर्ण जाऊ द्या, घाई केली की चिवडा मऊ पडतो. डाळं, हळद, मीठ घालून गॅस बारीक करायचा आणि पोहे दोन हप्त्यांत घालून खालून वर हलवायचे. गार झाल्यावरच डब्यात.

पाऊण किलोच्या वर चिवडा होतो, खर्च साधारण १०० रुपये. म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये किलो. दाणे-खोबऱ्यासकट १०० ग्रॅममागे चरबी वीस ग्रॅमच्या आतच राहते, विकतच्या तळलेल्या फरसाणाच्या निम्मी, आणि मीठही आपल्या मापाचं. सासूबाईंसाठी मीठ घालायच्या आधी दोन वाट्यांपुरते पोहे आणि फोडणी बाजूला काढून कालवते आणि त्यावर थोडं आमचूर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ कमी आहे हे त्यांच्या जिभेला जाणवत नाही, असं त्याच सांगतात.

सातवी पायरी: मुलांना न दुखावता

एकदम सगळं बदलू नका. आम्ही आठवड्याला एक वस्तू बदलली. पहिल्या आठवड्यात पावडर, दुसऱ्यात क्रीमची बिस्किटं. शनिवारी एक 'आवडीचा पुडा' ठेवला आहे, त्यावर चर्चा नाही. नूडल्सही त्यातच. करताना अर्धाच मसाला टाकते, वर गाजर, मटार, अंडं. सोडियमचा मोठा भाग त्या मसाल्याच्या पुडीत असतो, तेव्हा अर्धी पुडी टाकून दिली की तेवढं मीठ वाचतं.

मुलांना लेबल वाचायचं काम द्या. धाकटा दुसरीत आहे. त्याला दोन पुडे हातात देऊन मी विचारते, "यातला साखरेचा मोठा आकडा कुठला?" तो शोधतो, आणि स्वतः शोधलेला आकडा घेऊन घरभर फिरतो. शाळेचीही मदत होते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत असा २०२० चा नियम आहे. पालकसभेत हा मुद्दा शांतपणे मांडा. आमच्या वर्गातल्या चार आयांनी मिळून मांडला, तेव्हा निदान वाढदिवसाला चिप्सची पाकिटं वाटणं थांबलं आणि पेन्सिली-खोडरबर आले.

आठवी पायरी: खरेदीच्या दिवशी

यादी करून जा आणि पोटभर जेवून जा. 'दोनावर एक मोफत' हे डाळ, तेल, साबण यांवर घ्या, खाऊवर नको. घरात आला तो पुडा संपतोच, आणि तीन पुडे दोन पुड्यांच्याच दिवसांत संपतात.

बचत गटांच्या ताईंकडून भाजणी, मेतकूट, नाचणी सत्त्व घेत असाल तर पुड्यावर १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक बघा. १ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे परवाना, २ ने सुरू होणारा म्हणजे छोट्या उत्पादकाची नोंदणी. दोन्ही चालतात. क्रमांक नसेल तर त्यांना नोंदणी करायला सांगा, त्यांचाही धंदा वाढेल. तयार केल्याची तारीख आणि 'बेस्ट बिफोर' बघायला विसरू नका, विशेषतः दाण्यांच्या वस्तूंवर, कारण पावसाळ्यात दाणे लवकर खवट होतात. एखाद्या पुड्यात काही गैर आढळलं तर पुडा, बिल आणि फोटो जपून ठेवा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर तक्रार करता येते.

चार महिन्यांनी मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसले. १,८५० ची ओळ १,१०० वर आली होती. वाचलेल्या पैशांतले बरेचसे फळांवर गेले, आणि त्याची मला अजिबात हरकत नाही.

किराण्याच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर मराठीत 'साखर २२, संपृक्त ५, मीठ (सोडियम) ६००', आणि प्रत्येकासमोर तो इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्या चिठ्ठीवरचं अक्षर आणि पुड्यावरचं अक्षर शेजारी धरतात, बोट ठेवून जुळवतात, आणि मग आकडा वाचतात. परवा शेजारच्या काकू टोस्टचा नवा पुडा घेऊन आल्या होत्या. चहा होईपर्यंत दोघी भिंग घेऊन त्याच्या मागच्या बाजूवर वाकलेल्या होत्या.